बर्फ शेवटी वितळतो ती जागा

हंगामात जुंबेरचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. त्याला घड्याळ लागत नसे. उठायचं, चुलीतला निखारा उकरायचा, राजमा भरलेली पोळी गरम करायची, अर्धी खायची आणि अर्धी फडक्यात बांधायची. मग दोन्ही तळहातांना डुकराची चरबी चोळायची. चरबी न चोळता गेलं तर संध्याकाळी फरच्या झाडाचा चीक कातडीसकट निघतो. पावणेपाचला तो फाटकाबाहेर असे. गावापासून जंगलापर्यंत दोन तासांचा चढ. ऊन वर यायच्या आत पहिल्या झाडावर असायला हवं, कारण दुपारी वारा सुटतो. चाळीस मीटर उंचीवर वाऱ्यात माणूस बोंडं तोडत नाही, खोडाला मिठी मारून बसतो. बसण्याची मजुरी कोणी देत नाही.

जॉर्जियातल्या राचाच्या खोऱ्यात ऑगस्टअखेर तीन आठवडे हेच काम चालतं. फरची बोंडं मक्याच्या कणसाएवढी असतात, अगदी शेंड्याजवळच्या फांद्यांवर येतात आणि मेणबत्त्यांसारखी सरळ उभी राहतात. ती कधी अख्खी खाली पडत नाहीत. पिकली की जागच्या जागी सुटी होतात आणि बी वाऱ्यावर जातं. म्हणून ती हिरवी असतानाच वर जाऊन तोडावी लागतात. ते बी परदेशी जातं, तिकडच्या शेतांत पेरतात, दहा वर्षांनी तीच झाडं नाताळात तिकडच्या लोकांच्या घरात दिवे लावून उभी राहतात. गावात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाला त्याचं विशेष वाटत नव्हतं.

जुंबेरने असे चौतीस हंगाम काढले. ऐन उमेदीत तो दिवसाला आठ झाडं करायचा. एक झाड म्हणजे चढायला पंधरा मिनिटं, तोडायला अर्धा तास, उतरायला दहा मिनिटं. उतरताना घाई करणारे फार वर्षं टिकत नाहीत. दोर कोणी वापरत नसे.

एवढं करूनही त्याच्या अंगणात फरचं एकही झाड नव्हतं. गावात कोणाच्याच अंगणात नव्हतं. अंगणात द्राक्षं लावायची, अक्रोड लावायचा, कोपऱ्यात कोथिंबीर आणि मिरची. फर जंगलात हवी तेवढी आहे, ती घरी आणून कोण लावणार.

एक झाड होतं, पण ते वरच्या गावात. जुंबेरच्या बायकोचं, लामाराचं, माहेर तिथलं. तिच्या वडिलांनी घराची जागा साफ करताना बाकी सगळं तोडलं आणि एक फर ठेवली. लामारा तिच्याखाली चालायला शिकली, तिच्याखाली बसून राजम्याच्या शेंगा सोलायची, तिच्याच खाली उभी राहून तिने जुंबेरला होकार दिला. एक्याण्णवच्या एप्रिलमध्ये भूकंप झाला आणि वरचं गाव बसलं. माणसं वाचली, घरं राहिली नाहीत. सगळे खाली नदीकाठी आले. जुंबेरचंही घर पडलं होतं; त्याने चार भिंती उभ्या केल्या, पण हिवाळा तोंडावर आला तरी छपराला फळ्या नव्हत्या. त्या वर्षी पैसे देऊनही लाकूड मिळत नव्हतं. तेव्हा जुंबेर आणि त्याचा चढण्यातला जोडीदार मुर्मान करवत घेऊन वर गेले आणि सासऱ्यांची फर पाडली. झाड उताराच्या बाजूला पडावं म्हणून ओढायला दोर बांधला होता. तो लामाराने धरला. झाड पडलं, तिने दोर गुंडाळला आणि म्हणाली, "फांद्याही घ्या. जळणाला होतील."

त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही. त्या छपराखाली ती तेरा वर्षं राहिली.

मग मुलगी मारेखी कुताईसीला नर्सिंग शिकायला गेली आणि जुंबेरच्या हंगामावर भागेना. राचातल्या अर्ध्या बायका तेव्हा इटलीला निघाल्या होत्या, म्हाताऱ्यांची सेवा करायला. लामाराही गेली. एकोणपन्नास वर्षांची होती. निघताना म्हणाली, "दोन वर्षं." बारी नावाच्या शहरात एका म्हाताऱ्या बाईच्या घरी तिला काम मिळालं. कागदपत्रं नव्हती, त्यामुळे एकदा तो देश सोडला की परत जाता आलं नसतं. दोनाची चार झाली.

पहिल्या डिसेंबरात तिचा फोन आला.

"इथं बाजारात फर विकायला ठेवलीय," ती म्हणाली. "जाळीत बांधून. मी एकीजवळ उभी राहिले."

"मग?"

"मग काय. दुकानदार म्हणाला, घेणार का? मी म्हटलं, नाही, ओळखीची वाटली म्हणून थांबले."

जुंबेर हसला. ती हसली नाही.

"पानं चुरडून वास घेतला," ती म्हणाली. "दुकानदार बघत होता, म्हणून दोनच घेतली. बाबांच्या झाडाचा वास जास्त होता. तुझ्या हातालाही जास्त असायचा." मग म्हणाली, "इथं सगळं सपाट आहे, जुंबेर. झाडं पण बुटकी. मान वर करून बघायचं काही नाही."

फोन ठेवल्यावर जुंबेर बराच वेळ चुलीपाशी बसला. बायको दोन हजार किलोमीटर दूर. तिला परत आणणं त्याच्या हातात नव्हतं. पण ती येईल तेव्हा दारात काय असावं, हे त्याच्या हातात होतं. इतकी वर्षं फरवर चढलेल्या माणसाला एक फर लावता येऊ नये, असं कसं होईल.

वसंतात तो जंगलात गेला आणि कमरेएवढं एक चांगलं झाड बघून खणलं. पाठीवर घेऊन खाली आणायला चार तास लागले. अंगणाच्या मधोमध, सगळ्यात जास्त ऊन येतं तिथं, मांडीएवढा खड्डा केला. वाऱ्याने पडू नये म्हणून झाड खोल बसवलं, खालच्या फांद्यांपर्यंत माती भरली आणि पायाने दाबली.

कुंपणापलीकडे सिउरी मावशी कांदे लावत होती. ही सत्तरीची बाई. जुन्या राजवटीत सरकारी रोपवाटिकेत बावीस वर्षं गुडघ्यांवर बसून फरची रोपं निंदली होती तिने.

"कोणाला पुरलंस?" तिने विचारलं.

"फर लावलीय, मावशी."

"लावलीस होय. मला वाटलं मांजर मेलं."

"खोल घातलीय. हलणार नाही आता."

"हलणार कशी. मानेपर्यंत पुरल्यावर तूही हलणार नाहीस."

जुंबेरने लक्ष दिलं नाही. जूनमध्ये झाडाची पानं तांबडी झाली. ऑगस्टमध्ये त्याने ते उपटलं. खाली मूठभर मुळं होती, तीही काळी.

दुसऱ्या वर्षी त्याने लहान झाड आणलं, उथळ लावलं, आणि उन्हाचा त्रास नको म्हणून अक्रोडाखाली लावलं. रोज दोन बादल्या पाणी. नदीवरून दोन बादल्या म्हणजे एकशे ऐंशी पावलं जाताना आणि तेवढीच भरल्या हातांनी येताना. ते झाड मे महिन्यापर्यंतही टिकलं नाही.

सिउरी मावशी या वेळी कुंपण ओलांडून आली. मेलेल्या झाडाची माती तिने मुठीत दाबली. पाणी निथळलं.

"अक्रोडाखाली गवत तरी उगवतं का?" ती म्हणाली.

"नाही."

"मग? आणि ही चिकणमाती. तू त्याला रोज पाणी पाजलंस. बुडवून मारलंस बिचाऱ्याला." तिने हात झटकले. "इतकी वर्षं चढतोस जुंबेर, पण तुला झाडाचं डोकं तेवढं माहीत. पाय कधी बघितलेच नाहीत तू."

जुंबेरला राग आला, कारण ते खरं होतं. गावातल्या सगळ्या चढणाऱ्यांचं तसंच होतं. कोणत्या झाडाला कुठे पाय ठेवायचा, कोणती फांदी दगा देते, कोणत्या वर्षी बोंडं धरणार, सगळं सांगतील. झाड जमिनीत कसं उभं असतं, ते कोणी विचारलं तर गप्प. खाली बघायची सवयच नाही.

"मग तू सांग," तो म्हणाला.

"काम सांगितलेलं आवडत नाही तुला."

"सांग की."

"जंगलातलं आणू नकोस. त्याची मुळं तिथंच राहतात, तू आणतोस ते नुसतं खांड. बी पेर. आणि घाई असेल तर द्राक्षंच लाव." मग तिने घराकडे पाहिलं. "मार्चमध्ये तुझ्या आवारात बर्फ सगळ्यात शेवटी कुठं वितळतो?"

जुंबेरला विचार करावा लागला नाही. "घरामागं. लाकडांच्या खोपीपाशी."

"तिथं लाव. तिथली जमीन थंड आहे, बर्फाचं पाणी हळूहळू मुरतं, दुपारचं ऊन येत नाही. फरला आपल्याकडची तेवढीच जागा मानवेल."

तिथं लाकडांची खोपी होती, पंधरा वर्षांची. तीन हिवाळ्यांचं जळण रचलेलं. जुंबेरने ते सगळं उचलून दुसऱ्या बाजूला नेऊन रचलं, खोपी उकलली, पुन्हा उभी केली. सहा दिवस गेले. मग खालची जमीन फावडाभर खोल खणली, चिकणमाती काढली, जंगलातल्या फरखालची काळी, भुसभुशीत माती पाठीवरून आणली. अठरा पोती, अठरा खेपा. शेजारीपाजारी बघत होते. राचाच्या माणसाला कशाची घाई नसते, असं म्हणत बाकीचा देश हसतो. जुंबेरला त्या शरदात गावच हसलं.

बी हंगामातलं. कंत्राटदाराच्या पोत्यात टाकायच्या आधी त्याने एक बोंड खिशात घातलं, एकच. ऑक्टोबरात सिउरी मावशीने सांगितलं तसं नखभर खोल पेरलं, वर फरची वाळकी पानं अंथरली. हिवाळाभर त्यावर बर्फ बसला. मे महिन्यात तिथं नऊ कोंब आले. प्रत्येकाला पाच-सहा पानं, उघडलेल्या छत्रीसारखी. काडीएवढी उंची.

"आली," त्याने फोनवर लामाराला सांगितलं.

"कोण?"

"फर. घरामागं. नऊ आहेत."

ती म्हणाली, "किती उंच?"

"नखापासून दुसऱ्या पेरापर्यंत."

"कोणाच्या?"

"माझ्या."

"मग चांगलीच उंच आहे," ती म्हणाली.

पुढच्या काही वर्षांत पाच मेली. दोन सिउरी मावशीने मागून नेली. एक कोंबडीने उकरलं. एक राहिलं. फर पहिली पाच वर्षं जवळजवळ वाढतच नाही. जमिनीखाली काय करते ते तिचं तिलाच माहीत. जुंबेर दर रविवारी भोवतीचं गवत हाताने काढायचा, खुरपं लावत नसे. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी द्यायचा, तेही बोट खुपसून माती खालपर्यंत सुकली आहे का बघून. कमी पाणी घालायला शिकणं त्याला झाडावर चढायला शिकण्यापेक्षा जड गेलं. काम केल्याशिवाय काही वाढतं यावर त्याचा विश्वासच नव्हता.

सत्तावन्नाव्या वर्षी गुडघा गेला आणि त्याने चढणं सोडलं. घरी द्राक्षं होती, दोन डुकरं होती. लामारा पैसे पाठवायची, त्यातले बरेचसे मारेखीकडे जायचे. तिचं लग्न झालं होतं, जावयाला काम नव्हतं. एव्हाना लामाराला इटलीची कागदपत्रं मिळाली होती, येता आलं असतं. पण म्हातारी अंथरुणाला खिळली होती, तिला एक दिवस सोडता येत नव्हतं. दर डिसेंबरात ती म्हणायची, "पुढच्या वर्षी." नवीन वर्षाच्या जेवणाला जुंबेर टेबलावर दोन पेले मांडायचा, दोन्ही भरायचा, आणि एक तसाच ठेवायचा.

तो एकोणसाठचा असताना फेब्रुवारीत मोठा बर्फ पडला. एका सकाळी छपरावरचा सगळा थर एकदम घसरला आणि घरामागं कोसळला. जुंबेरने हाताने बर्फ उकरला. फावडं घ्यायची हिंमत झाली नाही. झाड वाकलं होतं, मेलं नव्हतं. पण शेंडा मोडून गेला होता.

सिउरी मावशीला आता काठी लागायची. ती आली, वाकून पाहिलं.

"जगेल," ती म्हणाली. "पण आता झुडूप होईल. शेंडा नाही तर उंची नाही."

"शेंडा नवा येतो, मावशी."

"कोण म्हणतं?"

"मी बघितलाय. वर."

या वेळी त्याला माहीत होतं. शेंडा मोडलेली झाडं त्याने शेकड्यांनी पाहिली होती. शेंड्याखालच्या फांद्यांतली एक वर वळते आणि शेंड्याची जागा घेते. कधी कधी दोन वळतात. दोघी सारख्या जोमाने वर जातात, तीस वर्षांनी झाडाला दोन शेंडे असतात आणि त्यांच्या बेचक्यात पाणी साचून लाकूड आतून कुजतं. वरून कळत नाही. चढणारे अशा झाडाला दुशेंडी म्हणतात. मुर्मान दुशेंडीवरूनच पडला होता. जुंबेर शेजारच्या झाडावर होता. त्याने आवाज ऐकला होता.

त्याने हेझलच्या झुडपाची एक सरळ काडी तासली, झाडाच्या खोडाला उभी बांधली. वरच्या फेरातल्या दोन फांद्या आत्ताच उचलल्यासारख्या दिसत होत्या. त्याने त्यातली पूर्वेकडची निवडली, हळूच वर वळवली आणि लोकरीच्या धाग्याने काडीला बांधली. दुसरीचं टोक नखाने खुडलं. मग छपराच्या त्या बाजूला एक आडवा ओंडका ठोकला, बर्फ अडायला. धागा दर दोन महिन्यांनी सैल करून पुन्हा बांधायचा, नाहीतर साल कापली जाते. हे त्याने दोन वर्षं केलं. तिसऱ्या वर्षी काडी काढली. शेंडा उभा राहिला.

"माझ्या बावीस वर्षांत हे कोणी सांगितलं नाही," सिउरी मावशी म्हणाली. "रोपवाटिकेत मोडलं की फेकून द्यायचो."

त्या हिवाळ्यात ती गेली. तिने नेलेली दोन झाडं तिच्या सुनेने कोबीसाठी काढून टाकली.

लामाराला इटलीला जाऊन दहा वर्षं झाली, त्या जुलैत तिचा फोन आला. आता फोनवर चेहरा दिसायचा. केस पांढरे झाले होते, कापलेले होते.

"झाड दाखव," ती म्हणाली. दर वेळी हेच आधी.

त्याने फोन घरामागं नेला. गुडघ्याच्या जरा खाली येईल एवढं झालं होतं.

"लहान दिसतं."

"तू दुरून बघतेस म्हणून."

ती थोडा वेळ बघत राहिली. "इथं एक युक्ती सांगितलीय कोणी," ती म्हणाली. "महिनाभर बदली बाई ठेवता येते. आपल्याच देशाची असते कोणीतरी, झुगदिदी शहरची वगैरे. म्हातारीच्या मुलाची हरकत नाही. पण तिचा पगार माझ्या पदरचा. वर तिकीट. आणि मारेखीचं घरभाडं थांबवता येत नाही."

"किती?"

तिने सांगितलं.

"सप्टेंबरपर्यंत होईल," जुंबेर म्हणाला.

"कसं?"

"हंगाम आहे."

"गुडघा?"

"गुडघा आहे."

"वेडेपणा करू नकोस. त्रेसष्ट वर्षांचा आहेस तू."

"तूच म्हणतेस दर वर्षी, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी मी चौसष्टचा होणार."

तिने फोन बंद केला नाही. दोघं बराच वेळ त्या झाडाकडे बघत राहिले, तो इथून आणि ती तिथून.

टोळीचा मुकादम आता एल्गुजा होता, मुर्मानचा मुलगा. चाळिशीचा, जाडसर, शांत. जुंबेर त्याच्या घरी गेला तेव्हा तो दोर मोजत होता.

"नाही, काका," त्याने ऐकायच्या आधीच सांगितलं.

"मी काही बोललो नाही अजून."

"ऑगस्टमध्ये तुम्ही माझ्याकडे वाइन प्यायला येत नाही. वय किती तुमचं?"

"तुझा बाप असता तर त्याचं असतं तेवढं."

एल्गुजाने दोर खाली ठेवला. "म्हणूनच नाही म्हणतो."

"लामाराला आणायचीय."

एल्गुजाने त्याच्याकडे पाहिलं. त्याची आईही ग्रीसला होती. "कंबरपट्टा बांधावा लागेल," तो शेवटी म्हणाला. "दोर, टोप, सगळं. खरेदी करणाऱ्यांची अट आहे."

"बांध. बैलालाही बांधतातच."

"आणि दिवसाला चार झाडं. पाचवं मागायचं नाही."

पहिल्या दिवशी टोळीतली पोरं त्याच्याकडे बघून हसली. त्यातला एक म्हणाला, "काका, वर गेल्यावर डुलकी लागली तर हाक मारा."

"तू खाली थांब," जुंबेर पट्टा आवळत म्हणाला. "डोक्यात बोंड पडलं की समज मी जागा आहे."

त्याने पहिलं झाड करायला तीन तास घेतले. पूर्वी तासाभरात व्हायचं. गुडघा प्रत्येक फांदीवर बोलत होता. दोर अडकायचा, सोडवायला वेळ जायचा, आणि खांद्यात अशी जागा दुखत होती जी दुखते हेच तो विसरला होता. पण हात विसरले नव्हते. आकड्याने फांदी ओढायची, डाव्या हाताने धरायची, उजव्याने बोंड पिळून तोडायचं, सरळ ओढायचं नाही. दुसऱ्या दिवशी तीन झाडं झाली. चौथ्या दिवशी चार, आणि मग रोज चार. संध्याकाळी तो जेवायच्या आधी झोपायचा.

अकराव्या दिवशी एल्गुजाने त्याला उताराच्या टोकाचं एक झाड दिलं. वर बोंडांनी गच्च. तीस मीटरवर गेल्यावर जुंबेरला दिसलं की झाडाला दोन शेंडे आहेत. बेचक्यापाशी शेवाळ होतं, ओलं. दोन्ही शेंड्यांवर मिळून चार झाडांचं काम होतं. दोन पावलं वर आणि एका दिवसाची मजुरी एका जागी. तो तिथं किती वेळ उभा राहिला कोणास ठाऊक. खोरं दिसत होतं, नदी, गावाची छपरं. त्यातलं त्याचं कोणतं ते इतक्या उंचीवरून ओळखू येत नव्हतं.

मग तो रिकामं पोतं घेऊन उतरला.

"काय झालं?" खालचा पोरगा म्हणाला. "एवढं भरलेलं झाड सोडलं? थकलात काय?"

"दुशेंडी आहे."

"असली तर असली. दोर आहे ना. मी जातो."

"कोणी जाणार नाही," एल्गुजा मागून म्हणाला. त्याने झाडाच्या सालीवर कुऱ्हाडीने आडवी खूण केली आणि जुंबेरला दुसरं झाड दाखवलं. त्या दिवशी तीनच झाडं झाली. हंगाम संपेपर्यंत ते कोणी भरून काढलं नाही, आणि जुंबेरने मागितलंही नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लामारा आली. कुताईसीहून येणारी गाडी रस्त्यावर थांबते. जुंबेर तिथं उभा होता. ती उतरली ती शहरी बुटांत, हातात एकच बॅग. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. ड्रायव्हरने दार बंद करा म्हणून हाक मारली, तेव्हा दोघंही हलले.

"बारीक झालास," ती म्हणाली.

"तू जाड."

"म्हातारी ताटात भात टाकते, तो मी खाते."

घरात ती गेली नाही. बॅग पायरीवर ठेवून सरळ घरामागं गेली आणि झाडाशेजारी खाली बसली. हात पुढे केला, पण पान तोडलं नाही. एवढ्याशा झाडाचं पान तोडण्यासारखं नव्हतं. ती तशीच बसली. मग तिने जुंबेरचा हात ओढून घेतला आणि तळहात नाकाशी नेला. चीक बोटांच्या भेगांत काळा होऊन बसला होता. तीन आठवडे झाले तरी निघाला नव्हता.

"चरबी कमी लावलीस," ती म्हणाली.

"सवय गेलीय."

ती हात सोडेना.

नंतर तिने झाड नीट पाहिलं, सगळ्या बाजूंनी. शेंड्याखालची वाकलेली जागा तिच्या लक्षात आली. तिने विचारलं, त्याने सांगितलं. ती जुन्या शेंड्याच्या गाठीवरून बोट फिरवत राहिली.

"उन्हाळ्यात त्रास होत असेल याला इथं," ती म्हणाली.

"होतो."

"वर नेऊन लावू या का? बाबांच्या जागेवर? तिथं गार आहे."

जुंबेरने मान हलवली. "आता त्याने मुळं धरलीत. हलवलं तर मरेल."

लामारा उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि थोड्या वेळाने तिथून पीठ मळण्याचा आवाज यायला लागला.

पुढचे दिवस कामात गेले. द्राक्षं तोडायची होती, वाइनची मडकी धुवायची होती, राजमा वाळवायचा होता. ती मारेखीकडे दोन दिवस राहून आली. वरच्या गावीही दोघं एकदा जाऊन आले. जुंबेरला चढायला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागला, तिलाही. वडिलांच्या आवारात गवत कमरेपर्यंत होतं. खुंट कुजून मऊ झाला होता. त्याच्यावर बसून दोघांनी भाकरी खाल्ली. संध्याकाळी ती रोज घरामागं जायची, झाडाभोवतीचं गवत उपटायची. जुंबेरने आधीच उपटलेलं असायचं, तरी तिला काहीतरी सापडायचं.

तिने राहावं असं जुंबेर म्हणाला नाही. म्हटलं असतं तर ती राहिली असती, आणि मारेखीचं घर राहिलं नसतं. हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून कोणी विषय काढला नाही.

बदली बाईचा महिना भरत आला. दोन दिवस येण्यात गेले, दोन जाण्यात जाणार होते. जुंबेरच्या पस्तिसाव्या हंगामाच्या, अठरा दिवसांच्या आणि सहासष्ट झाडांच्या मजुरीतून एक जाण्यायेण्याचं तिकीट आलं, झुगदिदीच्या एका बाईला बारीत एक पगार मिळाला, आणि लामारा सव्वीस दिवस घरी राहिली.